पोटातली जागा

दस्तगीर पेंटरचा 'म' लाल मातीत लोळून आल्यासारखा:
खांदे उतरते, मान जवळपास नाहीच,
शिरोरेघ म्हणजे आंघोळीनंतर टाकलेला जाड टॉवेल.
शिरोळपासून मुरगूडपर्यंत भिंतींवर
'कुस्त्यांचे जंगी मैदान',
खाली तारीख, खाली इनाम,
आणि टोक कुठंच नाही.
कानासुद्धा खाली पोचता पोचता
बूड टेकल्यासारखा गोल व्हायचा.
"टोकदार अक्षर लांबनं टोचतंय," म्हणायचा,
"एसटीतनं बघणाऱ्याला मिठीच बसली पायजे."

मी त्याचे डबे धुतले दोन उन्हाळे,
पोरीच्या जातीला हे कशाला, असा आईचा ओरडा खाऊन.
रॉकेलचा वास अजून नखांच्या मुळाशी आहे
असं वाटतं. नसेलही.

पुढं भिंती गेल्या, फ्लेक्स आले.
शाहूपुरीत दुसऱ्या मजल्यावर बसून
मी त्याची उरलीसुरली अक्षरं पडद्यावर गिरवली:
ट्रकनं घासून अर्धा नेलेला 'स्त',
पोपड्यांतून निसटलेला 'क',
आणि वडणग्याच्या वाटेवरचा एक 'ळ',
ज्यावर कुणी शेणी थापल्या होत्या.
वाळून पडेपर्यंत आठ दिवस थांबले.
त्या 'ळ'ला मला बत्तीस बिंदू लागले.
तो दोन फटक्यांत काढायचा,
मध्ये एकदा बिडी ओढून.

फॉन्टचं नाव ठेवलं 'ढेप'.

महिन्याभरात ढेप गावभर.
चिरमुऱ्यांच्या पुड्यांवर, मिसळीच्या पाट्यांवर,
कुणा भाऊंच्या वाढदिवसावर, गॉगल आणि अंगठ्यांशेजारी.
पैसे दोघांनीच दिले.
बाकी पेनड्राइव्हवरनं पेनड्राइव्हवर;
ढेप म्हटल्यावर मुंगळे लागायचेच.

मार्गशीर्षात गंगावेशीत फ्लेक्स लागला:
पैलवान आकाराम चौगले,
'भावपूर्ण श्रद्धांजली',
ढेपेतच, फूटभर जाड.
दस्तगीरचाचा काठी टेकून समोर उभा.
एक डोळा ऑपरेशनचा, एक स्वतःचा.
आकारामच्या पहिल्या मैदानाची भिंत त्यानंच रंगवलेली.
फोटोकडं बघितलं.
मग अक्षरांकडं, जास्त वेळ.

"कुणी काढलंय?"
"तुमचंच आहे, चाचा. मी फक्त..."
"माझं न्हाई. माझा 'द्ध' असा गुदमरत न्हवता."

बघितलं तर खरंच.
'द'च्या पोटात 'ध' कोंबलेला,
मधली फट बुजून नुसता काळा गोळा.
भिंतींवर मला 'द्ध' सापडलाच नव्हता,
मी अंदाजानं केला होता,
आणि वर्षभर कुणी काही बोललं नव्हतं.

चहाच्या गाड्यावर त्यानं कपात बोट बुडवलं,
फळीवर काढून दाखवला.
हात हलला, म्हणून पुसून परत काढला.
"जाडी वाढवायची तर बाहेरनं वाढव. आतलं खाऊ नको.
पैलवान केवढाबी होऊ दे,
दम घ्यायला छातीत जागा लागतीच की."
चहा संपला. काठी उचलता उचलता म्हणाला,
"आन् मेलेल्याचं एवढं जाड लिवू नये.
खांदा देणाऱ्यांनी काय करायचं?"

फळीवर माशी आली,
'ध'च्या वळणावरनं चालली,
ओलं होतं तोवर.

रात्री फाइल उघडली.
'द'चा गोल खाली ओढला,
'ध'ला थोडं अंग चोरायला लावलं;
फट केसभर झाली, मग तांदळाएवढी.
नंतर एक नवी फाइल, बारीक वजनाची.
तिला नाव सुचलेलं नाही.
एकच अक्षर आहे तिच्यात, 'श्र',
तेही अजून एका बाजूला कलतं.

जुनी ढेप मात्र गावात आहेच,
ती काही मला परत बोलावता येत नाही.
सकाळी दूध आणायला निघाले
की कोपऱ्यावरच्या खानावळीची पाटी दिसते,
'शुद्ध शाकाहारी',
काळा गोळा होऊन बसलेला 'द्ध'.
तिथं माझी चाल आपोआप मंदावते.
एक श्वास मी जरा मोठा घेते,
आणि पुढं जाते.